घरच्या मशीनवर कुटुंबासाठी प्रवासी बॅगा: कापड, मापं आणि उसवण्याच्या तीन जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात राहणारं चौघांचं कुटुंब. नवरा-बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि आजी. घरात पायानं चालवायचं साधं काळं शिलाई मशीन आहे, ब्लाऊज-फ्रॉक शिवायचा सराव आहे. प्रवास रेल्वेनं आणि एसटीनं. विकतच्या बॅगा बंदाजवळ फाटतात म्हणून सगळ्यांच्या बॅगा घरी शिवायच्या आहेत. कापड कोणतं, किती लागेल, साध्या मशीनवर जमेल का आणि पावसात टिकतील का?

साध्या मशीनवर जमेल. मात्र बॅग शिवताना विचार ब्लाऊजच्या उलट करावा लागतो. ब्लाऊजमध्ये बसणं महत्त्वाचं असतं, बॅगेत वजन. बॅगेचं कापड मधेच क्वचित फाटतं. बॅग उसवते ती तीन जागी: बंद जिथं कापडाला टाचलेला असतो तिथं, चेनच्या दोन्ही टोकांना आणि तळाच्या कोपऱ्यांत. तुमच्या बॅगा बंदाजवळ फाटल्या त्याचं कारण कापड हलकं होतं एवढंच नसणार. बंदाचं टोक वरच्या बाजूला दोन इंचांत टाचून सोडलेलं असतं. आठ-दहा किलोचा सगळा भार त्या दोन इंचांतल्या टाक्यांवर येतो आणि सुईच्या भोकांच्या रांगेवर कापड चिरतं. म्हणून घरी शिवताना बंद वरून लावायचाच नाही, तो तळाखालून फिरवून आणायचा. मग भार बेल्ट पेलतो आणि कापडाचं काम फक्त सामान आत ठेवण्याचं उरतं.

कापडाचं बोलू. दोनच पर्यायांकडे बघा. पहिला सुती कॅनव्हास, १० औंसाचा, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४० ग्रॅम. १२ औंसाचा घेऊ नका. कापड म्हणून तो उत्तम आहे, पण चार थर आणि वर बेल्ट आला की घरचं मशीन सुई मोडतं. दुसरा पर्याय बॅगवाल्यांकडे मिळणारी पॉलिस्टर मॅटी, म्हणजे आतून लेप असलेलं जाडसर विणीचं कापड. कॅनव्हास दिसायला देखणा, शिवायला सोपा, धुता येतो, पण पावसाळ्यात एकदा भिजला की वाळत नाही आणि दोन-तीन दिवस ओला राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते ठिपके नंतर कशानंही पूर्ण जात नाहीत. मॅटी झटकली की पाणी निघून जातं, ती आटत नाही आणि वजनाला हलकी असते. पण तिच्यावर एकदा सुईचं भोक पडलं की कायमचं. उसवून पुन्हा शिवलं तर दोन रांगा दिसतात. शिवाय इस्त्री चालत नाही, लेप वितळतो.

जून ते सप्टेंबर या दिवसांत गगनबावड्याच्या किंवा आंब्याच्या घाटातून कोकणात उतरणाऱ्यानं मॅटीच घ्यावी. उन्हाळी आणि दिवाळीच्या प्रवासासाठी कॅनव्हास छान. घरात चार बॅगा होणारच आहेत, तर मोठ्या दोन मॅटीच्या आणि बाकीच्या कॅनव्हासच्या करा. थैल्या-पिशव्यांसाठी पॉपलिन लागेल, ते इचलकरंजीच्या मागांवरचं भरपूर मिळतं. रंगवायचा किंवा छापायचा विचार असेल तर कोरं कापड घ्या. गांधीनगरच्या ठोक बाजारात पन्हा जास्त असलेलं कापड बघायला मिळतं. घेताना पन्हा स्वतः टेपनं मोजा. खालची सगळी मापं ५८ इंची पन्ह्याची आहेत आणि दोन्ही काठ सोडले तर वापरायला ५७ इंच धरा.

सुती कापड कापण्याआधी धुवायलाच हवं. गरम पाण्यात रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, किंचित ओलं असतानाच इस्त्री करा. न धुतलेला कॅनव्हास पहिल्या धुण्यात आटतो. अस्तर आटत नाही, चेन आटत नाही, बेल्ट आटत नाही. मग सगळी बॅग चेनजवळ गोळा होते आणि ती चूक दुरुस्त करायला जागाच नसते.

अस्तरासाठी पॉलिस्टर टफेटा, फिक्या रंगाचं. काळ्या अस्तराच्या बॅगेत रात्रीच्या गाडीत चार्जर सापडत नाही. फोम संपूर्ण बॅगेला लावू नका. त्यानं बॅग जड होते, पाणी धरते आणि पिवळा फोम काही वर्षांत भुगा होतो. फोम हवा तो फक्त मुलाच्या सॅकच्या पट्ट्यांत.

आता मापं. रेल्वेच्या नियमात डब्यात न्यायच्या पेटी-सुटकेसचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे. म्हणून बॅगेची उंची १० इंचांच्या वर नेऊ नका. सीटखाली सरकवताना ही उंचीच आड येते. मोठी बॅग २४ इंच लांब, १४ रुंद, १० उंच करा, ती साधारण ५५ लिटरची होते. मधली २० × १० × १०, साधारण ३३ लिटरची. ही मधली बॅग उजळाईवाडीहून विमानानं जायची वेळ आली तरी चालते. आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्या हातातल्या बॅगेला ७ किलो आणि तिन्ही मापांची बेरीज ११५ सेंटिमीटर अशी मर्यादा लावतात, हिची बेरीज १०१ च्या आसपास येते.

मधली बॅग नीट समजली की मोठी आपोआप येते, म्हणून तिचं कटिंग सविस्तर सांगते. बॅगेचे भाग तीनच: पुढची बाजू, तळ, मागची बाजू आणि वरचा भाग मिळून एक लांब पट्टा, आणि दोन बाजूंचे दोन चौकोन. चौकोनाचे कोपरे गोल करायचे. टोकदार कोपऱ्यात तीन शिवणी एका बिंदूवर येतात आणि बॅग पहिल्यांदा तिथंच घासते.

इथं बहुतेकांचं गणित चुकतं. १० × १० चा चौकोन म्हणजे घेर ४० इंच असं धरून पट्टा ४० चा कापतात, आणि जोडताना शेवटी साडेतीन इंच कापड उरतं. मग ते चुण्या घालून बसवतात. कोपरा गोल केला की घेर कमी होतो. हिशेब असा: लांबी-रुंदीच्या बेरजेची दुप्पट करा, त्यातून गोलाईच्या त्रिज्येची १.७ पट वजा करा. गोलाई २ इंचांची घेतली तर ४० मधून ३.४ गेले, उरले साडेछत्तीस. हा घेर शिवणीच्या रेषेवरचा आहे, कापलेल्या कडेवरचा नाही. म्हणून चौकोन कापायचा ११ × ११, म्हणजे चारी बाजूंनी अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड), आणि कापलेल्या कडेची गोलाई अडीच इंचांची. स्वयंपाकघरातली पाच इंच व्यासाची वाटी ठेवून खडूनं आखलंत की झालं.

पट्ट्याच्या लांबीत चेनचा हिशेब येतो. मोठ्या बॅगांना ८ नंबरची नायलॉन चेन घ्या, तिची पट्टी साधारण दीड इंच रुंद असते. चेनच्या शिवणीला माया तीन सूत ठेवायची, चार सूत नाही (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोन्ही बाजूंनी तीन-तीन सूत गेले की मधे पाऊण इंच चेन दिसते आणि रनर, म्हणजे चेन उघडझाप करणारा सरकता तुकडा, मोकळा फिरतो. चार सूत घेतली तर अर्धाच इंच उरतो, अस्तर रनरमध्ये अडकायला लागतं आणि चेन खराब म्हणून दोष येतो. साडेछत्तीसमधून पाऊण इंच चेनचा वजा, त्यात दोन्ही टोकांची तीन-तीन सूत माया मिळवली, म्हणजे पुन्हा पाऊण इंच. पट्टा कापायचा साडेछत्तीस इंच लांब आणि २१ इंच रुंद.

तळाला दुहेरी कापड हवंच: २१ × ११ चा तुकडा. एका बॅगेला ५८ पन्ह्याचं एक मीटर कापड पुरतं. पन्ह्याच्या दिशेनं साडेछत्तीसचा पट्टा ठेवा, त्याच्या शेजारी तळाचा तुकडा उभा, खाली दोन्ही चौकोन, उरलेल्यात खिसा आणि चेनच्या टोकांना लावायचे कापडी कान. मोठ्या बॅगेला पट्टा साडेचव्वेचाळीस × २५, बाजू १५ × ११ च्या दोन, तळ २५ × १५, कापड सव्वा मीटर. अस्तर तेवढंच, फक्त तळाचा दुसरा तुकडा नको.

एक सूचना, छापील कापड घेणाऱ्यांसाठी. पट्टा बॅगेभोवती गुंडाळला जातो, त्यामुळे पुढं सरळ दिसणारे हत्ती-मोर मागच्या बाजूला उलटे होतात. तसं कापड असेल तर पट्टा मध्यावर तोडून, दुसरा भाग फिरवून, एक इंच जास्त कापड धरून जोडा. जोड तळाच्या दुहेरी तुकड्याखाली झाकला जातो.

बाकी साहित्य एका मधल्या बॅगेचं: दीड इंची पॉलिस्टर बेल्ट अडीच मीटर, खांद्याच्या पट्ट्यासाठी आणखी दीड मीटर. ८ नंबरची चेन २२ इंच, रोलमधून कापून घ्या, तयार चेन नको. रनर दोन. डी कड्या दोन, हुक दोन, लांबी कमी-जास्त करायची कडी एक. आतल्या कडा बांधायला एक इंची नायलॉनचा गोट अडीच मीटर. लोखंडी डी कडी घेताना तिचा सांधा बघा. सांधा जोडलेला नसेल तर वजनानं कडी उघडते आणि पट्टा निसटतो. सांधा उघडा असेल तर त्यापेक्षा चांगल्या प्लास्टिकची कडी परवडली, ती गंजतही नाही. सुती निवार दिसायला सुंदर असते पण ती भिजली की आटते आणि दोन्ही बंद कमी-जास्त होतात.

सुई कॅनव्हास आणि मॅटी दोन्हीला १६ नंबरची, बेल्टवर १८. दोरा पॉलिस्टरचाच. सुती दोरा घामानं आणि ओलीनं कुजतो, मग कापड शाबूत आणि शिवण मोकळी. नेहमीचा दोरा १२० तिकिटाचा असतो. बॅगेला ८० किंवा ६० घ्या. नंबर कमी तितका दोरा जाड. त्याहून जाड नायलॉन दोरा घरच्या मशीनच्या शटलमध्ये अडकतो. टाका लांब करा, इंचाला सात-आठ बसतील असा. ब्लाऊजसारखा बारीक टाका घातला तर एका ओळीत भोकं इतकी जवळ पडतात की कापड तिथून फाडायला सोपं होतं.

कापडाला हात लावण्याआधी, जेवढे थर शिवायचे आहेत तेवढेच थर उरलेल्या तुकड्यांचे घेऊन त्यावर टाका बघा. खालून दोऱ्याच्या गाठी-फासे दिसत असतील तर वरचा दोरा सैल आहे किंवा ताणाच्या चकतीत बसलेला नाही. आधी दोरा पुन्हा ओवा, मग स्क्रू फिरवा. टाके सुटत असतील तर नव्वद टक्के वेळा सुई बारीक पडलेली किंवा बोथट असते. मॅटी मशीनच्या फुटाला चिकटून अडखळत असेल तर टेफ्लॉनचा फूट बसवा. तो मिळाला नाही तर वरून बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. मॅटीला टाचण्या लावायच्या नाहीत, कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे लावा.

शिवायचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक थर आधीच्याची कच्ची कड झाकतो.

पट्टा सपाट अंथरा, मध्य आखा. मध्यापासून दोन्हीकडे पाच-पाच इंचांवर तळाच्या रेषा. आधी बाहेरचा खिसा: साडेआठ इंच रुंद, वरची कड दुमडून सात इंच उंच होईल असा. खिशाची खालची कड तळाच्या रेषेच्या आत अर्धा इंच जाऊ द्या. बाजूच्या कडा दुमडू नका, कच्च्याच ठेवा. मग तळाचा दुहेरी तुकडा, लांब कडा अर्धा इंच आत दुमडून, तळाच्या रेषांवर ठेवून शिवा. त्याखाली खिशाची खालची कड गेली. आता बेल्ट. दोन बेल्टांमधलं अंतर सात इंच ठेवा, म्हणजे खिशाच्या दोन्ही कच्च्या कडा पाऊण-पाऊण इंच बेल्टखाली दबतात. वेगळी शिवण लागत नाही आणि खिसा बेल्टइतकाच मजबूत होतो.

बेल्ट एकच अखंड आहे. तळाच्या मध्यापासून सुरुवात करा, पुढच्या बाजूनं वर, तळाच्या रेषेपासून आठ इंचांवर थांबा, तिथून २२ इंचांची मूठ सोडा, दुसऱ्या बाजूनं खाली, तळ ओलांडून मागं वर, पुन्हा २२ इंच, पुन्हा खाली, आणि सुरुवातीच्या टोकावर दोन इंच चढवून शिवा. एकूण ९८ इंच, अडीच मीटरात बसतं. मोठ्या बॅगेला पावणेतीन मीटर. बेल्टला मधे पीळ पडला नाही ना, ते शिवण्याआधी दोनदा बघा. टोकं मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून वितळवून घ्या, नाहीतर दशा निघतात.

बेल्ट दोन्ही कडांनी, कडेपासून एक सूत आत शिवा. वरच्या चार टोकांना दीड इंचाचा चौकोन आणि त्यात फुली. मागे-पुढे करून जाड गाठ घालत बसू नका. एकाच जागी आठ-दहा वेळा सुई गेली की कापड चाळणीसारखं होतं आणि भार आल्यावर तिथंच तुटतं. चौकोन-फुलीत तेच टाके पसरतात. हे चार चौकोन तुमच्या मशीनवर अडत असतील तर चाक हातानं फिरवून टाका-टाका घ्या. जाड भागावर चढताना फूट मागं कलतो, टाके आखडतात आणि सुई वाकून मोडते. त्याच जाडीचा कापडाचा घडी केलेला तुकडा फुटाच्या मागच्या बाजूला ठेवला की फूट सपाट राहतो. तरीही नाहीच जमलं तर तेवढे चार चौकोन बॅगा-चपला दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून घालून घ्या. कोल्हापुरात चामड्याचं काम करणाऱ्यांकडे जाड दोऱ्याची मशीन असते आणि हे पाच मिनिटांचं काम आहे. त्यासाठी बॅग जोडण्याआधी, पट्टा सपाट असतानाच न्या.

अस्तराला आतला खिसा आत्ताच लावून घ्या. मग चेन.

चेनला लाटा पडतात ही सगळ्यांचीच तक्रार. कारण मशीनचे खालचे दाते खालचा थर पुढं ओढतात आणि फूट वरचा थर मागं ढकलतो. दोन्ही बाजू एकाच दिशेनं शिवल्या तर निदान दोन्हीकडची ओढ सारखी राहते. एक बाजू डावीकडून आणि दुसरी उजवीकडून शिवली की बॅग पिळते. त्यात रोलच्या चेनची एक मोठी सोय आहे. रनर घालण्याआधी तिचे दोन भाग पूर्ण सुटे होतात. सुटे करण्याआधी दोन्ही पट्ट्यांवर दर पाच इंचांवर पेन्सिलीनं समोरासमोर खुणा करा. मग पट्टा सुलट अंथरा, दोन्ही टोकांवर चेनचा एकेक अर्धा भाग दाते आतल्या बाजूला करून उलटा ठेवा, त्यावर अस्तर उलटं. धावदोरा घाला, घाई करू नका. तीन सूत मायेवर दोन्ही टोकं शिवा. आता उघड्या बाजूंतून उलटवा. बाहेर कापड, आत अस्तर, दोन्ही टोकांना चेन बाहेर आलेली. घडीच्या कडेपासून दोन सुतावर वरून दुसरी शिवण मारा. ही शिवण चुकवली तर अस्तर फुगून रनरमध्ये येतं. पट्टा अजून सपाटच असल्यानं हे सगळं सहज होतं. चेन आधी जोडून नळी झाली असती तर मशीनखाली हात घालून झगडावं लागलं असतं.

मग पेन्सिलीच्या खुणा जुळवून दोन्ही टोकांनी एकेक रनर घाला, तोंडाला तोंड. दोन रनर असले की बॅग मधून कुठूनही उघडते आणि छोटं कुलूप लावता येतं. चेनची टोकं बाजूच्या शिवणीत तशीच जाऊ देऊ नका. तिथं रनर येऊन धडकतो आणि शिवण उघडतो. दोन्ही टोकांना दीड इंचाचा कापडी कान दुमडून वरून शिवा, रनर कानाशीच थांबेल.

बाजूच्या चौकोनांना कापड आणि अस्तर उलट्याला उलट लावून कडेनं कच्चं शिवून घ्या. खांद्याच्या पट्ट्याची डी कडी वरच्या कडेपासून दोन इंचांवर येते, पण ती छोट्या तुकड्यानं टाचू नका. एक इंची बेल्ट वरपासून खालच्या शिवणीपर्यंत अख्खा लावा आणि त्यात कडी अडकवा. भार बेल्टनं पेलायचा, हा पहिलाच नियम इथंही लागतो.

जोडणी. पट्ट्याच्या दोन्ही कडांवर आणि चौकोनांवर चार-चार मध्य खुणा: वर चेनचा मध्य, खाली तळाचा मध्य, आणि दोन बाजू. आधी या चार खुणा चिमट्यानं जुळवा, मग कोपरे. पट्ट्याची कड सरळ आहे आणि तिला गोलाईवर वळायचं आहे, म्हणून कोपऱ्यावर फक्त पट्ट्याच्या मायेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर तीन सूत खोल कट द्या. चौकोनाला कट देऊ नका. शिवताना पट्टा वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे कट उघडताना दिसतात आणि चुण्या सुईखाली जात नाहीत. दुसरा चौकोन लावण्याआधी चेन निम्मी उघडून ठेवा. हे विसरलं तर बॅग उलटी बंद होते आणि सुलट करायला वाटच राहत नाही. कोपऱ्यांत आणि तळाच्या शिवणीवर दुसरी शिवण मारा, पहिलीपासून एक सूत बाहेर. शेवटी आतल्या कच्च्या कडांना गोट बांधा. विकतच्या बऱ्याच बॅगांत इथं नुसतीच कच्ची कड सोडलेली असते. दशा सुटत जाऊन एक दिवस माया संपते आणि शिवण निघते.

तळात कडकपणा हवा असेल तर पुठ्ठा नको, ओलीनं तो मऊ पडतो. दीड-दोन मिलिमीटरची प्लास्टिक शीट साडेएकोणीस × साडेनऊ कापा, कोपरे गोल करा, अस्तराच्याच कापडाचं खोळ शिवून नुसती टाकून ठेवा. धुताना काढता येते.

आता माणसांप्रमाणे फरक. आजींच्या बॅगेला शीट घालू नका, तेवढंच वजन वाचतं. आकार १६ × ९ × ९ पुरे आणि मूठ २२ ऐवजी १८ इंचांची. उंची कमी असलेल्या माणसाच्या हातात लांब बंदाची बॅग जमिनीला घासते आणि चढउतारात पायात येते. औषधांसाठी बाहेरच्या खिशावर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावा, गोळ्या बॅग न उघडता दिसल्या पाहिजेत.

मुलाला हातातली बॅग देऊ नका, पाठीवरची सॅक द्या. १३ उंच, १० रुंद, ४ खोल. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ओझं असावं असं म्हटलं आहे, तोच अंदाज प्रवासात धरा. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. पट्ट्या सव्वादोन इंच रुंद, १४ इंच लांब, आत ५ मिलिमीटरचा फोम, आणि फोम मायेत येऊ न देता कापलेला. दोन्ही पट्ट्यांची वरची टोकं एकमेकांपासून फक्त दोन इंचांवर लावा. लांब लावल्या तर लहान खांद्यावरून घसरतात आणि मूल दिवसभर त्या वर ओढत राहतं. ही टोकं पाठीच्या कापडावर आडव्या बेल्टखाली दाबून दोन ओळींनी शिवा. खाली एक इंची बेल्ट त्रिकोणी कापडी कानात घालून बाजूच्या शिवणीत, तळाच्या थोडं वर.

छोट्या पिशव्यांत दोन विसरू नका. एक चपलांची. कोल्हापुरी चप्पल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेली तर दमट हवेत कातड्यावर पांढरी बुरशी येते. तिला पॉपलिनचीच पिशवी, १५ × २१ चा तुकडा दुमडून, वर नाडी. दुसरी कांदा-लसूण चटणीच्या डब्याची. चटणीचं तेल कॅनव्हासला लागलं की डाग निघत नाही, म्हणून ही पिशवी लेपाच्या मॅटीची, ५ नंबरच्या चेनची आणि बॅगेच्या बाहेरच्या खिशात जाईल एवढी.

पावसाबद्दल स्पष्ट सांगायचं तर घरी शिवलेली कुठलीच बॅग पूर्ण जलरोधक होत नाही. मॅटीतून पाणी जात नाही पण सुईच्या प्रत्येक भोकातून झिरपतं, आणि चेन तर उघडीच आहे. एसटीच्या डिकीत ओल्या जमिनीवर बॅग ठेवली जाते, पाणी खालून येतं. म्हणून कपडे आत जाड पॉलिथिनच्या पिशवीत भरा, तोंड पिळून दुमडा. मेण लावून कॅनव्हास पाणी-अडव करता येतो, पण एप्रिल-मेच्या उन्हात तो चिकट होतो आणि नंतर धुता येत नाही. कोल्हापूरच्या हवेला मी तो सुचवत नाही.

प्रवासाहून आल्यावर बॅग उलटी करून झटका, ओलसर असेल तर सावलीत चेन उघडी ठेवून वाळवा आणि मगच माळ्यावर टाका. चेन लावल्यावर रनरच्या मागं पुन्हा उघडायला लागली तर चेन बदलू नका. रनरचं तोंड रुंदावलेलं असतं. पक्कडीनं दोन्ही बाजूंनी अलगद दाबलं की काही महिने चालतं, मग कान उसवून नवा रनर घाला. रनर नेताना जुना बरोबर न्या, ८ नंबरच्या चेनला ८ चाच बसतो आणि नायलॉनचा रनर धातूच्या चेनला चालत नाही.